लव्हबर्ड्सचा आठवा दिवस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले आणि मध्येच कुणी फिदीफिदी केलं, की माझी लिंक तुटते. तसाही हा किस्सा नाशिकच्या निम्म्या सिडकोला माझ्याआधी कळलाय. फक्त त्यांना जो कळलाय त्यात मी जरा जास्तच मूर्ख दिसते. खरी गोष्ट तेवढी वाईट नाही. म्हणजे, आहे वाईट. पण माझ्या तोंडून ऐका तरी.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातून मला एक खोड लागली. नावाचा अर्थ सांगायची. बारशाला गेले की बाळाआधी मी बाळाच्या नावाला हात घालते. कुणी बंगल्याला 'कृतार्थ' नाव दिलं, तर वास्तुशांतीच्या पंगतीत वरणभातावर तूप पडेपर्यंत मी 'कृत' वेगळा आणि 'अर्थ' वेगळा करून दाखवलेला असतो. आमचे हे म्हणतात, तुला वाटेत साक्षात गणपती भेटला तरी तू त्याला गजानन म्हणजे काय ते समजावून सांगशील. लोक मुकाट्यानं ऐकून घेतात. मला वाटायचं, त्यांना आवडतं.

तर गेल्या हिवाळ्यात माझा मावसभाऊ अविनाश आणि त्याची बायको मंगल यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. अवी अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर. मंगल माहेरची घोटीची, तिथे तिच्या वडिलांची भाताची गिरणी. एकच मुलगा, चिन्मय, पुण्याला नोकरीला. त्यानं ठरवलं की आईबाबांचा रौप्यमहोत्सव झोकात करायचा. हॉल घेतला, दोनशे माणसं बोलावली आणि मला फोन केला, "आत्या, दोन शब्द तू बोलायचे."

दोन शब्द. मला! पोरगं पुण्याला राहतं, विसरलं असेल.

आता भेट काय द्यायची? चांदीची वाटी सगळेच देतात. मी मेनरोडला हिंडत होते, तिथे एका बोळात पिंजरे टांगलेले दिसले. त्यातल्या एकात दोन चिमुकली पाखरं, एक हिरवं, एक निळं, दांडीवर अगदी खांद्याला खांदा लावून बसलेली. मी विचारलं, हे काय? दुकानदार म्हणाला, लव्हबर्ड्स. ते नाव ऐकलं आणि मी जागच्या जागी विरघळले. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आणि लव्हबर्ड्स! भाषण तिथेच, बोळातच तयार झालं. मी खात्री करून घ्यायची म्हणून विचारलं, "जोडी आहे ना?"

"एकदम जोडी, मॅडम."

तो माणूस खोटं बोलला नाही, हे मला फार उशिरा कळलं. पायपुसण्यांचीही जोडीच असते.

घरी येऊन मी अभ्यास केला. अभ्यास म्हणजे, आमच्या योगाच्या ग्रुपवर मागे कधीतरी आलेला एक मेसेज शोधून काढला. त्यात लिहिलं होतं की लव्हबर्ड्स आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात, आणि ताटातूट झाली तर मागे राहिलेला पक्षी आठ दिवसांत झुरून प्राण सोडतो. खाली हात जोडलेले. हात जोडलेत म्हणजे खरंच असणार, नाही का?

आता यात दुसरी भानगड अशी की, त्याच आठवड्यात मला अवी भेटला होता. सकाळी साडेअकराला, जॉगिंग ट्रॅकवर, बाकावर डबा उघडून बसलेला. मी म्हटलं, अरे, तू इथे कसा? आधी दचकला. मग म्हणाला, "ताई, कंपनीनं जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. महिना झाला. पण अजून मंगलला..."

हे वाक्य पुरं झालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण 'निवृत्ती' हा शब्द कानावर पडला आणि मला राहवलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले आणि वृत्ती म्हणजे काय, ती मागे कशी घ्यायची, त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांचं नाव किती सुंदर आहे, हे त्याला सांगितलं. तो भाजीपोळी खात ऐकत होता. 'अजून मंगलला' याच्या पुढे मी मनानंच भरलं, 'सवय झाली नाही.' साहजिक आहे, नवरा दिवसभर घरात म्हणजे कुठल्या बाईला सवय होते?

मग हा घराबाहेर, थंडीत, बाकावर बसून डबा का खातोय, असा प्रश्न तुम्हाला पडला. मला नाही पडला.

समारंभाचा दिवस. हॉल भरलेला. अवी नव्या कोटात, मंगल जांभळ्या पैठणीत, दोघं सोफ्यावर. मी पिंजऱ्याला सोनेरी रिबीन बांधून तो दोघांच्या मध्ये ठेवला, माइक हातात घेतला आणि सुरू झाले. लव्ह म्हणजे प्रेम. बर्ड म्हणजे पक्षी. इथपर्यंत सगळ्यांना येत होतं. मग जोडीदार, मग ताटातूट, मग आठ दिवस. समोरच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. तिथे थांबावं की नाही? पण समोर कुणी रडायला लागलं की वक्त्याला चेव येतो.

मी म्हणाले, "आपला अवी महिन्यापूर्वी निवृत्त झाला. आता सकाळची घाई नाही, डबा नाही, कंपनीची बस नाही. आता ही दोघं या पाखरांसारखी दिवसभर एका दांडीवर."

टाळ्या पडल्या. मंगल हसत होती ती हसायची थांबली. तिनं अवीकडे पाहिलं. अवीनं पाखरांकडे पाहिलं. मला अजूनही काही कळलं नाही. मला वाटलं, गहिवरली. मी दोघांना पिंजरा मिळून हातात धरायला लावला आणि फोटो काढायला सांगितला. त्या फोटोत मंगलचा चेहरा बघितलात तर तुम्ही माझ्याशी बोलणं सोडाल.

खाली उतरल्यावर आमच्या यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मंगलला ठाऊक होतं का?" मी म्हटलं, न ठाऊक असायला काय झालं? महिनाभर ती याला डबा... आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा! ती त्या दिवशीपर्यंत रोज पहाटे उठून त्याला डबा करून देत होती, आणि हा रोज कंपनीत जातो म्हणून बाकावर जाऊन बसत होता.

मला गुलाबजाम गेला नाही.

तिसऱ्या दिवशी अवीचा फोन. मंगल घोटीला गेली. भांडली नाही, ओरडली नाही, तीन दिवस एक शब्द बोलली नाही आणि बॅग भरून गेली. वडिलांना म्हणाली, आता गिरणीकडे मी बघणार, मी इथेच राहणार. मी फोनवरच रडायला लागले, म्हटलं अवी, चूक माझी आहे, मी जाते, पाया पडते तिच्या. तो म्हणाला, "ते होईल. पण ताई, जाताना ती एक पक्षी घेऊन गेली. निळा. फळांच्या टोपलीत घालून, वरून ओढणी बांधून. चिठ्ठी ठेवली, भेट दोघांना दिलीय, अर्धी माझी." मग म्हणाला, "ते आठ दिवस कुठून धरायचे? तिनं टोपलीत घातला तेव्हापासून, की एसटी सुटली तेव्हापासून?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. बायको गेली त्याचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्यानं सगळा जीव त्या हिरव्या पाखरावर लावला होता. रोज चार-चार फोन. ताई, दुसरा दिवस, गप्प आहे. ताई, तिसरा दिवस, हलत नाही. ताई, याला काही झालं तर ते माझ्यामुळेच ना? मी जाऊन बघितलं तर पिंजऱ्यावर जाडजूड चादर. त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून यानं झाकून ठेवलेला. चादर जरा उचलली तर आत अंधारात पक्षी मान खाली घालून, पिसं फुगवून बसलेला. मेसेज खरा होता तर!

मी मंगलला फोन लावला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, ताई, तुमच्यावर राग नाही, तुम्ही निदान सांगितलंत तरी. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग मी भीतभीत पाखराची चौकशी केली.

"मजेत आहे," मंगल म्हणाली. "सकाळपासून शीळ घालतोय. खातो तर इतका की अण्णा म्हणतात गिरणी पुरायची नाही. ताई, तुम्हीच म्हणालात ना, जोडीदारावाचून हा जगत नाही? नावातच आहे म्हणालात. मग हा बघा. माझ्याबरोबर आला त्याला काही झालं नाही. मला काय होणार आहे?"

सांगा, याला काय उत्तर द्यायचं? माझंच भाषण, माझंच उदाहरण, आणि त्यावर ती संसार मोडायला बसलेली. इकडे अवी माझ्याच वाक्यावर दिवस मोजतोय. तीस वर्षांत वर्गातल्या पोरांनी माझं एक वाक्य कधी लक्षात ठेवलं नाही, आणि या दोघांनी नेमकं हेच धरून ठेवलं!

सहाव्या दिवशी मी निर्णय घेतला. हिरवा पक्षी घोटीला न्यायचा. दोन्ही पाखरं भेटतील, चोचीत चोच घालतील, मंगल ते बघेल आणि तिचं मन पाघळेल. अवी म्हणाला, ती मला दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, तू नवरा म्हणून येऊच नकोस, पिंजरा धरायला ये. त्याला ते पटलं. निघता निघता आठवा दिवस उजाडला.

महामार्ग स्टँडवरून एसटी धरली. अवीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला पिंजरा. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे? अवी म्हणाला, "पेशंट." कंडक्टरनं आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. विल्होळी गेली, वाडीवऱ्हे गेलं. अवी दर दहा मिनिटांनी चादरीत डोकं खुपसून बघत होता आणि मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात छोटंसं भाषण तयार करत होते. हो, परत. माणसाला अक्कल एसटीच्या वेगानं येत नाही.

गिरणीच्या अंगणात पोचलो तर पंधरा-वीस माणसं. मला वाटलं, काही कार्य आहे घरात. तसं नव्हतं. मंगलनं आठ दिवसांची गोष्ट सहज वहिनीला सांगितलेली, वहिनीनं शेजारणीला, आणि गल्लीत बातमी अशी झाली की नाशिकहून आणलेलं एक पाखरू आज प्रेमापायी प्राण सोडणार आहे. लोक बघायला आले होते. दोन बायका तर हातातलं निवडण घेऊन आल्या होत्या. मध्ये खुर्चीवर निळा पक्षी टोपलीत बसून कोथिंबीर खात होता.

मंगलचे वडील अण्णा पुढे आले. सत्तरी पार केलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "बाई, याची मरायची येळ सकाळची हाय का दुपारची? नाय म्हंजे, मान्सं कवाची बसलीत."

मी म्हटलं, अण्णा, आज मरण नाही, आज मीलन आहे. मग त्या सगळ्यांपुढे मी चार वाक्यं बोललेच. मंगल दाराशी उभी होती. ती अवीकडे बघत नव्हती. अवी खाली बघत होता. मी चादर काढली, टोपलीतला निळा पक्षी ओढणीत धरून अलगद पिंजऱ्यात सोडला आणि म्हणाले, "आता बघा."

बघितलं सगळ्यांनी. निळ्यानं एकदा मान वाकडी करून हिरव्याकडे पाहिलं आणि सरळ त्याच्या पायाला चावा घेतला. हिरवा, जो आठ दिवस मरायला टेकला होता, तो असा उसळला म्हणता! पिंजऱ्यात नुसता पिसांचा धुरळा. किंचाळणं असं की गिरणीतला गडी बाहेर धावत आला. निवडणवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. अवीनं सोडवायला हात घातला आणि दोघांनी मिळून त्याचं बोट फोडलं. त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

मंगल दारातून धावत आली. मला वाटलं, पक्ष्याकडे. तिनं अवीचा हात धरून बाहेर ओढला आणि म्हणाली, "आधी बोट बघू."

अकरा दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. पण ते त्या क्षणी कुणाच्या लक्षात यायला? हिरव्याच्या पायातून रक्त येत होतं, अण्णा ओरडत होते की जनावरांच्या दवाखान्यात न्या, आणि मी मधोमध उभी, हातात रिकामी ओढणी.

सरकारी दवाखान्यात आमच्या आधी एक गाय आणि दोन शेळ्या होत्या. डॉक्टर तरुण मुलगी, कोपरापर्यंत हातमोजे. तिनं आधी हिरव्याचा पाय पुसला, मग आमच्या सगळ्यांकडे बघून विचारलं, "या दोघींना एकत्र कुणी ठेवलं?"

"दोघींना?" मी म्हटलं.

तिनं चोचीच्या वरचा भाग दाखवला. तिथे तपकिरी रंग असला की मादी, निळा असला की नर. दोन्हीकडे तपकिरी. दोन माद्या, त्यातून वेगळ्या झालेल्या, एकदम एका पिंजऱ्यात कोंडल्या की असंच होतं म्हणाली. मी म्हटलं, पण लव्हबर्ड्स तर... त्यावर ती म्हणाली, हे लव्हबर्ड नाहीतच. याला बजरीगर म्हणतात, हा वेगळा पोपट, आपल्याकडे बाजारात सगळे याला सरसकट लव्हबर्ड म्हणून खपवतात. अण्णांना ऐकू कमी येतं, ते म्हणाले, बाजरी तर खात्यातच, पण जात कंची?

मी अजून एक फांदी धरून होते. विचारलं, बरं, खरे लव्हबर्ड असते तर? ते तरी मरतात ना, आठ दिवसांत? डॉक्टर हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. म्हणाली, ते जोडीजोडीनं चिकटून बसतात, एकमेकांची पिसं साफ करतात, म्हणून कुणीतरी ते नाव दिलं. एकटा पडला तर हिरमुसतो, त्याला सोबत लागते, पण वार लावून कुणी मरत नाही. आणि तेही आपसात भांडतातच, कधीकधी रक्त निघेपर्यंत.

अण्णांना एवढं मात्र नीट ऐकू आलं. ते म्हणाले, "नाव ठेवनाऱ्यानं लांबून पाह्यलं आसंल."

अवीनं विचारलं, मग हा आठ दिवस गप्प का होता? डॉक्टरनं चादरीकडे बोट दाखवलं. झाकून ठेवलं की पाखराला वाटतं रात्र झाली. आठ दिवस त्या बिचारीची सकाळच झाली नव्हती!

डॉक्टरनं मलम दिलं. तीन दिवस, दोन वेळा, आणि तोवर पाखराला हलवायचं नाही. मी लगेच जाहीर करून टाकलं की मलम मी लावीन, तीन दिवस घोटीतच राहीन, तेवढ्यात मंगलशीही नीट बोलेन. घरी यांना फोन करून तसं कळवलं. कुणी काही बोललं नाही. मी ती संमती धरली.

त्या दिवशी मी मनापासून प्रयत्न केला, हे मात्र मान्य करा. दुपारी मंगलला बसवून तिच्या नावाचा अर्थ सांगितला, अविनाश या नावाचा सांगितला, दोन्ही जोडून एक तिसरा अर्थ काढून दाखवला. ती पाणी आणायला म्हणून आत गेली ती तासभर आली नाही. मग मी अण्णांना इंद्रायणी तांदळाला नदीचं नाव का दिलं असावं, यावर माझं मत सांगितलं. ते चांगले श्रोते. नंतर कळलं की यंत्राचे पट्टे सुरू असताना त्यांना काहीच ऐकू येत नाही.

दिवेलागणीला मलमाची ट्यूब सापडेना म्हणून मी गिरणीच्या मागे गेले. तिथे ओट्यावर अवी आणि मंगल बसले होते. त्याच्या बोटाला पट्टी. मी त्यांना दिसत नव्हते. ऐकू नये, कळतं हो मला. पण पाय हलले नाहीत.

मंगल विचारत होती, "डबा कुठे खायचात?"

"ट्रॅकवर. बाकावर."

"थंडी होती."

"उन्हातला बाक धरायचो. म्हणून साडेअकरालाच."

मग ती म्हणाली, "मध्ये एकदा कारल्याची भाजी दिली होती."

"खाल्ली."

"पंचवीस वर्षं तुम्ही कारलं तसंच्या तसं परत आणलंत. त्या दिवशी डबा रिकामा आला. मी किती खूश झाले होते."

"भरलेला आणला असता तर तू विचारलं असतंस, काय झालं म्हणून. मग मला खोटं सुचलं नसतं." अवी बोटाची पट्टी चाचपत होता. "पहिल्याच दिवशी सांगणार होतो, मंगल. तू दारात डबा घेऊन उभी होतीस. म्हटलं, उद्या सांगू."

"नोकरी गेल्याचं मला काही नाही," मंगल म्हणाली. "पण दोनशे माणसांबरोबर मला कळलं. त्यांच्यासारखंच, माइकवरून."

मी तिथून परत फिरले. शपथेवर सांगते, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. ट्यूब माझ्याच कमरेला खोचलेली निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर मंगलची बॅग दारात भरलेली. म्हणाली, ताई, मी यांच्याबरोबर नाशिकला निघते, चला, तुम्हीही आवरा. मी म्हटलं, अगं पण मलम? म्हणाली, अण्णा लावतील. हिरवी घोटीतच राहिली, निळी टोपलीतून नाशिकला आली, आणि दोघी आपापल्या ठिकाणी आजतागायत ठणठणीत आहेत.

पण मला विचाराल तर त्या सकाळी माझे पाय जमिनीवर नव्हते. एका दिवसात! लोक वर्षानुवर्षं कोर्टात जातात, आणि मी एका दिवसात मोडता संसार सावरला. एसटीत मी खिडकीशी बसून सगळ्या मुद्द्यांची उजळणी केली. त्यापुढचा महिना मी कुणाला सोडलं नाही. योगाच्या ग्रुपवर सांगितलं, वाण्याला सांगितलं. आमच्या वरच्या मजल्यावरचं एक जोडपं जरा धुसफुसत होतं, त्यांच्याकडे न बोलावता जाऊन आले. त्यांनी आता बेल वाजली की आधी भोकातून बघायला सुरुवात केलीय.

संक्रांतीच्या सुमारास अवी आणि मंगल आमच्याकडे चहाला आले. छान दिसत होती दोघं. अवी आता सकाळी भाजी आणतो, कारलं सोडून. माझ्या दोन मैत्रिणीही बसल्या होत्या, त्यांना मी घोटीची हकीकत रंगवून सांगत होते. शेवटाला आले आणि मोठेपणा मिरवायची हौस दांडगी म्हणून चारचौघांत विचारलं, "मंगल, खरं सांग, माझ्या नेमक्या कुठल्या बोलण्यानं तुझं मन वळलं?"

अवीला ठसका लागला. मंगलनं त्याला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, लाजू नकोस, सांग.

"रागावणार नाही ना, ताई?" ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं होतं, पण मी यांना सांगितलं होतं की मी आणखी पंधरा दिवस माहेरी राहणार, मग बघू. सकाळी तुम्ही अण्णांना म्हणालात, तीन दिवसांचं काय घेऊन बसलात, मंगलचं मन वळेपर्यंत मी इथून हलणार नाही. तसे अण्णा स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, 'पोरी, तू तेवढी नाशिकला जा. तू गेलीस तर बाईबी जातील.'"

मैत्रिणी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी मोठ्या आशेनं आमच्या यांच्याकडे पाहिलं. निदान नवरा तरी आपली बाजू घेईल, नाही का?

हे चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "अण्णा माणूस सरळ. त्यांनी आधी पहाटे मलाच फोन केला होता, तुम्ही येऊन घेऊन जाता का म्हणून. मीच म्हटलं, राहू द्या की आठ-दहा दिवस."